सव्वीस आठवड्यांची पट्टी

पडद्याचं कापड बेतणं हे काम दिसतं तितकं सोपं नाही. सदरा थोडा इकडेतिकडे झाला तरी अंगावर खपून जातो. माणूस वळतो, वाकतो, हात हलवतो, कोण बघायला जातंय. पडदा मात्र जोडीने लटकतो आणि जागचा हलत नाही. डावा उजव्यापेक्षा नखाएवढा आखूड निघाला की रस्त्यावरून जाणाऱ्याच्याही ते डोळ्यात येतं, आणि ज्याच्या घरी तो लागलाय त्याला तर मग खिडकीत दुसरं काही दिसतच नाही. म्हणून पडद्यांच्या एका दुकानात बेतायच्या लांब टेबलाशी एकतीस वर्षं एकच बाई उभी होती. तिला सगळे सूतभरबाई म्हणायचे. शिवणाऱ्या दोघींपैकी कुणी तयार पडदा टेबलावर टाकला की ती नुसती नजर फिरवून "सूतभर कमी आहे" म्हणायची, आणि पट्टी लावली की तेवढाच कमी निघायचा. शिवणाऱ्या मनातल्या मनात चरफडायच्या आणि उसवायला बसायच्या.

दर शनिवारी कापडाच्या ताक्यांची उरलेली तोंडं, म्हणजे शेवटचे तुकडे, वाटून घ्यायची दुकानात पद्धत होती. पूर्वी त्यावरून अबोले व्हायचे. एकदा तर मखमलीच्या हातभर तुकड्यापायी दोघी शिवणाऱ्या आठवडाभर एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या. तेव्हा सूतभरबाईने नियम घालून दिला: जी कापेल, ती नंतर उचलेल. कापणारीने हवे तसे वाटे करावेत, पण निवड बाकीच्यांनी आधी करायची. आणि कापणारीने नंतर एक शब्द बोलायचा नाही. अर्थात कापायची नेहमी हीच, त्यामुळे हिच्या वाट्याला कायम शेवटचा तुकडा. तो बाकीच्या दोन तुकड्यांसारखाच असायचा, याचा तिला भारी अभिमान होता. अशा अभिमानाचा तसा काही उपयोग नसतो, पण एकतीस वर्षं उभं राहून काम करायचं तर माणसाला काहीतरी लागतंच.

घरी नवरा होता, टपालखात्यातून निवृत्त झालेला. आयुष्यभर दुसऱ्यांचे निरोप पोचवल्यामुळे स्वतःच्या मनातलं तो झटकन सांगून मोकळा व्हायचा. एकुलती एक लेक शिकायला परदेशी गेली, तिथेच नोकरीला लागली आणि तिथेच तिने लग्न केलं. जावई तिसऱ्याच देशातला. त्याची भाषा लेकीला येत नाही, लेकीची त्याला येत नाही, त्यामुळे त्यांचा संसार इंग्रजीत चालला होता. आणि त्या इंग्रजीतला एक शब्द फोनवर सारखा कानावर पडायचा: फिफ्टी-फिफ्टी. भांडी फिफ्टी-फिफ्टी. कपडे धुणं फिफ्टी-फिफ्टी. खिडक्या पुसणं, घरमालकाशी भांडणं, सगळं फिफ्टी-फिफ्टी.

"आजारपणही अर्धंअर्धं घेतात की काय ही पोरं?" नवरा म्हणायचा. "डोकं तिचं दुखायचं, शिंका त्याने द्यायच्या."

सूतभरबाईला मात्र तो शब्द आवडून गेला होता. लेक दूर गेली होती खरी, पण आपल्या टेबलावरचं काहीतरी सोबत घेऊन गेली, असं तिला वाटायचं. जोडी सारखी असली की झालं. एवढ्यात तिला बरं वाटायचं आणि ती फोन ठेवायची.

मग लेकीला दिवस राहिले. आनंद झाला, शेजारी सांगून झालं, दुकानात सांगून झालं, आणि सहाव्या महिन्यात लेकीने एक गोष्ट काढली. बाळंतपणाच्या आधीचा एक आठवडा धरून पुढे सहा महिने, म्हणजे एकूण सव्वीस आठवडे, घरात कुणीतरी मोठं माणूस हवं. त्यानंतर बाळ पाळणाघरात जाणार. पण घर म्हणजे एक खोली, भिंतीला लागून ओटा, आणि रात्री उघडला की पलंग होणारा एक सोफा. एका वेळी एकच आजी मावणार.

"तेव्हा तुम्ही दोघी मिळून ठरवा," लेक म्हणाली. "तू आणि त्याची आई. फिफ्टी-फिफ्टी. आम्ही मध्ये पडणार नाही, तसं आमचं ठरलंय."

"कोण आधी, कोण नंतर?"

"तेही तुम्हीच ठरवा ना, आई. कशाला कुणाचं मन दुखवायचं."

फोन ठेवून सूतभरबाई मनातल्या मनात बेतायला लागली. सहा महिन्यांचे तीन-तीन महिने करायला काही अक्कल लागत नाही, ते कुणीही करील. पण दोन तुकडे लांबीला सारखे असले म्हणून सारखे नसतात, हे बेतणारीला सांगायला नको. तिला पहिला तुकडा हवा होता. बाळासाठी नव्हे. बाळ काय, ते तीन महिन्यांनीही मांडीवर येईल, उलट तेव्हा हसेल तरी. तिला लेकीच्या कळा सुरू होतील तेव्हा तिथे असायचं होतं. परक्या गावच्या दवाखान्यात, परक्या भाषेत, आपली पोर ओरडेल तेव्हा तिने "आई गं" म्हटलेलं कुणाला तरी कळलं पाहिजे, एवढंच तिच्या मनात होतं. हे तिने नवऱ्यालाही एकदाच सांगितलं, तेही कपाट आवरता आवरता, पाठमोरी होऊन.

"मग सरळ सांग की विहिणीला," नवरा म्हणाला. "मला आधी यायचंय. संपलं."

"असं कसं सांगू? तिचाही मुलगाच आहे ना. बाळ दोघींचं सारखंच. उद्या ती म्हणाली, हिला सगळं आधी हवं, तर तिथे आपल्या पोरीला ऐकून घ्यावं लागेल. त्यांचं सगळं फिफ्टी-फिफ्टी असतं."

"तुझं काय असतं?"

कपाट त्या दिवशी दोनदा आवरलं गेलं.

विहिणीला तिने लग्नाच्या वेळी फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं. रुंद खांद्यांची, कोपरापर्यंत बाह्या वर सारलेली, शाळेच्या खानावळीत मोठमोठ्या पातेल्यांशी काम करणारी बाई. तिची भाषा वेगळी. दोघींमध्ये पूल म्हणून काय ते इंग्रजी, आणि तेही दोघींचं यथातथाच. "हॅलो", "गुड", "नाइस", "बाय" एवढ्या चार शब्दांवर लग्न निभावून नेलं होतं. पण चार शब्दांत सव्वीस आठवडे वाटता येणार नव्हते.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तरीणबाई राहायच्या. इंग्रजी शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. सूतभरबाई त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, "मला फार नको. बरोबरीचं इंग्रजी शिकवा."

"बरोबरीचं म्हणजे?"

"सारखे वाटे करायचं. तुझं निम्मं, माझं निम्मं. तेवढंच."

मास्तरीणबाईंना कित्येक वर्षांत असा नेमका विद्यार्थी मिळाला नव्हता. त्यांनी उत्साहाने सुरुवात केली. रोज दुपारच्या सुट्टीत दोन वाक्यं. सूतभरबाई ती मापाच्या वहीत, लोकांच्या खिडक्यांच्या लांबी-रुंदीशेजारी, आपल्याच अक्षरात उतरवून घ्यायची. हाफ अँड हाफ. इक्वल शेअर. लेट्स मीट हाफवे. आय डू माय बिट, यू डू युवर बिट. शेअर अँड शेअर अलाइक, हे म्हणताना तिची जीभ दोनदा दातांत सापडली. एके दिवशी मास्तरीणबाई म्हणाल्या, "ईव्हन स्टीव्हन."

"हा स्टीव्हन कोण?"

"कुणी नाही. सारखं-सारखं झालं की तसं म्हणतात."

"पण त्याचं काय सारखं झालं होतं?"

मास्तरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. तीस-पस्तीस वर्षं त्या हे शिकवत आल्या होत्या, पण असं कुणी विचारलं नव्हतं. "ते राहू द्या," त्या म्हणाल्या. स्टीव्हन वहीत गेला नाही. ज्या माणसाची ओळख नाही त्याला मध्ये घालायला सूतभरबाई तयार नव्हती.

वही भरत गेली तसा तिचा धीर मात्र सुटत गेला. टेबलाशी उभी राहून ती वाक्यं पुटपुटायची, आणि प्रत्येक वाक्याचा शेवट एकाच ठिकाणी यायचा: दोन सारखे वाटे, आणि मग कुणीतरी आधी उचलायचं. विहिणीने पहिला उचलला तर? सारखं वाटण्यासाठी इंग्रजीत एवढी वाक्यं आणि त्यातलं एकही तिच्या कामाचं नाही. आणि मग एका शनिवारी, तुकडे वाटून झाल्यावर, तिच्या डोक्यात एक विचार आला. एकतीस वर्षांत तिला तो कधी आला नव्हता. वाटे सारखेच कापले पाहिजेत असं नियमात कुठे आहे? नियम एवढाच, की कापणारी नंतर उचलेल.

सव्वीस आठवडे. पहिला तुकडा सहाचा, दुसरा वीसचा. विहिणीसमोर दोन्ही धरायचे आणि म्हणायचं, तू निवड. सहा आणि वीस समोर असताना कोणती आजी सहा उचलेल? दुकानात आजवर कुणी लहान तुकडा उचललेला तिने पाहिला नव्हता. विहीण वीस घेईल, आपल्याला सहा उरतील, आणि त्या सहांत बाळंतपण येईल. सात आठवडे पदरचे जातील, जाऊ देत. आपण कुणाकडे काही मागितलं असंही होणार नाही. आपण फक्त कापलं.

ही लबाडी होती, आणि ती तिला कळत होती. पण लबाडीत आपलंच नुकसान आहे म्हटल्यावर माणसाचं मन फार लवकर समजूत घालून घेतं. तिने मास्तरीणबाईंना शेवटचं वाक्य विचारून घेतलं: आय कट, यू चूज.

रविवारी दुपारी फोन ठरला. तिकडे सकाळ होती. सूतभरबाईने जेवणाच्या टेबलावरचं सगळं उचलून ठेवलं, फोन बरणीला टेकवून उभा केला, आणि पांढऱ्या अस्तराची एक लांब पट्टी पसरली. पट्टीवर निळ्या खडूने दोन-दोन बोटांच्या अंतराने सव्वीस खुणा होत्या. एका टोकाला तिने बाळाचं छोटं डोकं काढलं होतं, म्हणजे सुरुवात कुठली ते कळावं. शेजारी दुकानातली मोठी कात्री. नवरा पेपर घेऊन खिडकीशी बसला होता आणि पान उलटत नव्हता.

पडद्यावर विहीण आली. मागे पितळी नळ, बाह्या वरच. तिच्याही हातात कागद होता. तिनेही कुणाकडून तरी लिहून घेतलं असणार.

"हॅलो. गुड. नाइस," दोघी म्हणाल्या. मग विहिणीने कागदात पाहून सावकाश वाचलं, "वी शेअर. फिफ्टी-फिफ्टी. ओके?"

"ओके," सूतभरबाई म्हणाली. तिने पट्टी उचलून दाखवली, बाळाच्या डोक्यावर बोट ठेवलं. "बेबी कम. हिअर." मग खुणा मोजून दाखवल्या. "ट्वेंटी-सिक्स वीक." विहिणीने मान हलवली. "आय कट. यू चूज."

विहिणीला ते पहिल्याच झटक्यात कळलं. ती खुदकन हसली आणि तिने हाताची सुरी करून हवेत कापून दाखवलं. म्हणजे तिच्याकडेही ही पद्धत असावी. सूतभरबाईने कात्री घेतली. सहाव्या खुणेशी पातं लावलं. कच्‌कन आवाज झाला. तिने एका हातात बाळाच्या डोक्याचा आखूड तुकडा धरला, दुसऱ्या हातात लांब, पार टेबलाखाली लोंबणारा.

विहीण पडद्याजवळ आली. तिने दोन्ही तुकड्यांकडे नीट पाहिलं. एक क्षण तिच्या कपाळावर आठी आली, मग गेली, आणि तिने बोट दाखवलं.

"स्मॉल," ती म्हणाली.

सूतभरबाईला वाटलं, ती चुकली. तिने लांब तुकडा पुढे केला. "धिस? बिग?"

"नो, नो. स्मॉल, फॉर मी. बिग, फॉर यू." विहिणीने कागद बाजूला ठेवला. पुढचं तिचं तीच बोलत होती, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. "फर्स्ट, व्हेरी हार्ड. नो स्लीप. बेबी क्राय, क्राय, क्राय. आय टेक हार्ड. यू टेक बिग. बेबी लाफ, बेबी सिट. यू, हर मदर. फॉर यू, गुड पार्ट." आणि ती हसली, छातीवर हात ठेवून.

खिडकीशी पेपर खाली आला.

सूतभरबाई दोन हातांत दोन तुकडे धरून तशीच उभी राहिली. तिला आपली लाज वाटली, अशी की कानशिलं तापली. या बाईने समोरचे वाटे पाहिले होते, हिने मुद्दाम काहीतरी केलंय हेही कदाचित पाहिलं होतं, आणि त्यातला वाईट वाटा उचलला होता. हिच्यासाठी. आणि आता नियमाप्रमाणे कापणारीने एक शब्द बोलायचा नव्हता. "थँक यू" म्हणायचं, "बाय" म्हणायचं, आणि लेकीच्या कळा फोनवरून ऐकायच्या. तेही कुणाला फोन लावायची आठवण झाली तर.

"थँक यू," ती म्हणाली.

विहिणीने निरोपाचा हात वर केला.

"नो," सूतभरबाई म्हणाली. "वेट. प्लीज."

तिने वही ओढली. पान उलटलं, आणखी एक उलटलं. हाफ अँड हाफ. इक्वल शेअर. मीट हाफवे. दोन महिने घासून पाठ केलेलं एकही वाक्य आता तिच्या बाजूने उभं राहत नव्हतं. मला जास्त हवंय, मला आधी हवंय, हे कसं म्हणतात ते तिने विचारूनच घेतलं नव्हतं. तिने वही मिटली.

"आय कट बॅड," ती म्हणाली. "आय थिंक, यू टेक बिग. आय वाँट स्मॉल. सॉरी. आय वाँट स्मॉल."

"स्मॉल?" विहीण गोंधळली. "व्हाय स्मॉल?"

इथे इंग्रजी संपलं. मग ती जे बोलली ते आपल्या भाषेत बोलली, भरभर, कुणी तरी मध्येच थांबवेल अशा घाईने.

"अहो विहीणबाई, मला बाळाचं काही नाही हो. बाळाला तुम्ही घ्या, तुम्ही सांभाळा, वीस काय, तीस आठवडे सांभाळा. मला माझी पोर बघायचीय. ती रडते तेव्हा आधी गप्प होते, आणि गप्प झाली की लोकांना वाटतं ठीक आहे. ठीक नसते ती. ते मलाच कळतं. तिला दवाखान्यात नेतील तेव्हा मला तिच्या उशाशी असायचंय. मी सरळ मागायला हवं होतं. नाही मागितलं. लबाडी केली, आणि तुम्ही माझ्यावर दया केलीत, आता मी काय करू."

आणि ती रडली. नवरा उठला, पण जवळ आला नाही. त्याला कळत होतं की ही जागा त्याची नाही.

विहिणीला यातला एकही शब्द समजणं शक्य नव्हतं. तरी तिने तो सगळा ऐकला, मध्ये न बोलता. मग ती बोलू लागली, आपल्या भाषेत, बराच वेळ. बोलता बोलता तिने दोन्ही हातांनी काहीतरी घट्ट धरल्यासारखं केलं, जसा पलंगावरच्या माणसाचा हात धरतात, आणि मान हलवली. तिच्या आयुष्यात कुणाचा हात धरायचा राहून गेला होता, की तो धरला होता, हे सूतभरबाईला कधीच कळलं नाही. तिनेही मध्ये तोंड घातलं नाही. दोन बायका आपापल्या भाषेत बोलत होत्या आणि मधलं इंग्रजी बिचारं बाजूला उभं होतं.

शेवटी विहिणीने डोळे बाहीने पुसले आणि बोट सरळ पडद्याकडे केलं.

"यू फर्स्ट," ती म्हणाली. "मदर, फर्स्ट. देन आय कम."

"हाऊ मेनी वीक?" सूतभरबाईच्या तोंडून सवयीने निघालं.

विहिणीने तुकड्यांकडे पाहून हात झटकला, जसं ओट्यावरचं पाणी झटकतात. "बेबी टेल," ती म्हणाली, आणि दोघींनी मिळून "बाय" म्हटलं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. आवाज अगदी साधा होता, मुद्दाम साधा ठेवलेला.

"झालं का बोलणं? काय ठरलं? फिफ्टी-फिफ्टी ना?"

"मी आधी येतेय."

"किती दिवस?"

"ते नाही ठरलं."

"नाही ठरलं?" लेक म्हणाली. "तुझं? न मोजता?"

"नाही ठरलं म्हणते ना. विहीणबाई म्हणाल्या, तुम्ही आधी, मग मी येते. तुझ्या घरात चालत नसेल तर सांग आत्ताच."

लेक गप्प झाली. सूतभरबाईने फोन कानाशी घट्ट धरला आणि वाट पाहिली. ही गप्प बसणारी पोर तिला पाठ होती.

"आई," बऱ्याच वेळाने लेक म्हणाली, आणि आवाज आता साधा राहिला नव्हता. "मला तूच हवी होतीस आधी. पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू तरी कुठे बोललीस?"